परीचा डबा कुठंवर आला?

एकतीस वर्षं एसटीत काढली. त्यातली बरीचशी सांगलीच्या स्टँडवर, वाहतूक नियंत्रक म्हणून. लोक कंट्रोलर म्हणतात. काचेच्या खिडकीआड बसून माईकवर गाड्या पुकारणारा असतो ना, तो मी. दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न यायचा, ‘साहेब, पुणे गाडी कुठंवर आली?’ माझ्या नोकरीची बरीच वर्षं जीपीएस वगैरे नव्हतं, त्यामुळं गाडी नेमकी कुठं आहे हे मला माहीत नसायचं. कराडला तिची नोंद किती वाजता झाली, एवढं असायचं हाताशी. पुढचा सगळा हिशोब. कराड ते पेठ नाका इतका वेळ, तिथून आत वळून इस्लामपूर, आष्टा, मग सांगली. त्यात पाऊस, उसाच्या ट्रॉल्या आणि बाजाराचा दिवस मिळवायचा, आणि सांगायचं, ‘अजून चाळीस मिनिटं.’

निवृत्त झालो आणि खिडकीच्या पलीकडं आलो. आता मीच विचारतो, डबा कुठंवर आला? डबा परीचा.

परी आमची कुत्री. पूर्ण नाव लालपरी. रंगानं तांबडी आणि सापडली आगारात, म्हणून. जात गावठी, वय अकरा, वजन पंधरा किलो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मांडवात कुणीतरी मायेनं तिला मटणाचा रस्सा आणि चरबीचे तुकडे घातले. दुसऱ्या दिवशी उलट्या, आणि पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरलेला, नमस्कार घातल्यासारखा. मला वाटलं आळस देतेय. डॉक्टर म्हणाले, पोट दुखतंय तिचं, स्वादुपिंडाला सूज आहे. चार दिवस सलाईन झालं आणि मग हुकूम सुटला: कमी चरबीचं खाणं, रोज तेच, वेळेवर.

पुण्यातल्या लेकीनं एक स्वयंपाकघर शोधून काढलं. ते कुत्र्यांसाठी ताजं जेवण शिजवतात, पाकिटात भरून गोठवतात आणि घरपोच पाठवतात. आमच्या हिची प्रतिक्रिया अशी, ‘अहो, एकतीस वर्षं तुमचा डबा मी करून दिला, आणि कुत्रीचा डबा पुण्याहून?’ आता तीच गुरुवारी सकाळी सहाला विचारते, कुपवाडला, म्हणजे सांगलीजवळच्या कुरिअरच्या गोडाऊनला, पोचला का?

हे लिहायचं कारण, अशी पार्सलं मागवणारी माणसं सांगली-मिरजेत आता बरीच झाली आहेत आणि सगळी एकाच ठिकाणी अडकतात. पार्सल लेट झालं की फोनवर बोट फिरवत बसतात, आणि संध्याकाळी कळतं की घरात कुत्र्याला घालायला काही नाही.

आधी घरातली पाकिटं मोजा

प्रत्येक आगारात एक-दोन गाड्या राखीव असतात. कुठली गाडी बंद पडली तर ती काढायची, म्हणून. राखीव गाडी नसेल तर कंट्रोलर कितीही हुशार असो, प्रवाशांच्या शिव्या ठरलेल्या.

परीला दिवसाला अडीचशे ग्रॅमची दोन पाकिटं लागतात. आठवड्याला चौदा, म्हणजे साडेतीन किलो. मंगळवारी जेवण शिजतं, गोठतं, बुधवारी संध्याकाळी खोक्यात भरतात, रात्री पुण्याहून निघतं, गुरुवारी दुपारपर्यंत सांगलीतल्या विश्रामबागेत, आमच्या घरी येतं. गुरुवारी सकाळी फ्रीजरमध्ये सहा पाकिटं शिल्लक असलीच पाहिजेत. सहा म्हणजे तीन दिवस. ती माझी राखीव गाडी. चौदा आली की वीस होतात, पुढच्या गुरुवारी पुन्हा सहा. वापरताना मात्र जुनी आधी, नवी मागं. नाहीतर राखीव पाकिटं तळाशी बसून सहा महिन्यांची होतात. मी प्रत्येक पाकिटावर स्केचपेननं आलेली तारीख टाकतो.

वीस पाकिटं मावायला आमच्या सिंगल डोअर फ्रीजमधून बर्फाचा ट्रे बाहेर काढावा लागला. यावरून घरात दोन दिवस अबोला होता. एक गोष्ट ध्यानात ठेवा, सिंगल डोअर फ्रीजचा वरचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत सहसा जात नाही, त्यामुळं त्यात महिन्याचा साठा करायच्या फंदात पडू नका. स्वस्त पडतं म्हणून मोठी ऑर्डर घ्यायची असेल तर आधी वेगळ्या दाराचा फ्रीजर बघा.

ऑर्डरचा वारही तुम्हीच ठरवा. शुक्रवारी किंवा शनिवारी निघणारं पार्सल घेऊ नका. एक टप्पा चुकला की रविवार मध्ये येतो आणि खोकं कुठल्यातरी गोडाऊनमध्ये सोमवारची वाट बघत पडतं. बुधवारी निघालेलं पार्सल एक दिवस चुकलं तरी शुक्रवार हाताशी असतो.

पाटी लावली म्हणजे गाडी निघाली असं नाही

ट्रॅकिंगमध्ये जे शब्द दिसतात ते नीट समजून घ्या, अर्धी चिडचिड तिथंच संपते.

‘शिपमेंट क्रिएटेड’ किंवा ‘लेबल तयार’ म्हणजे फक्त स्टिकर छापलंय. आगारात गाडीला पाटी लागली एवढाच त्याचा अर्थ. ड्रायव्हर अजून चहा पितोय. ‘पिकअप’ म्हणजे कुरिअरवाल्यानं खोकं ताब्यात घेतलं. ‘इन ट्रान्झिट’ हा सगळ्यात ऐसपैस शब्द. पुण्याच्या गोडाऊनच्या कोपऱ्यात पडलेलं पार्सलही इन ट्रान्झिट आणि खंबाटकीच्या घाटात अडकलेलंही इन ट्रान्झिट. ‘आउट फॉर डिलिव्हरी’ म्हणजे खोकं पोराच्या गाडीवर चढलं, पण त्याच्या गाडीवर आणखी चाळीस-पन्नास असतात आणि तुमचा नंबर कितवा ते तुम्हाला दिसत नाही.

‘आरटीओ’ दिसलं तेव्हा मात्र मी घाबरलो. आमच्या खात्यात आरटीओ म्हटलं की पासिंग आणि दंड. लेकीनं सांगितलं, ‘बाबा, रिटर्न टू ओरिजिन. माघारी चाललंय ते.’ हे त्याहून वाईट. तो शब्द दिसला की गोठवलेल्या जेवणाचा विषय संपला असं समजा आणि सरळ पैसे परत मागायच्या मागं लागा. पुण्याला जाऊन पुन्हा आलेलं खोकं पदरात घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. स्क्रीनवर दिसते ती शेवटची नोंद असते, पार्सल त्या घडीला कुठं आहे ते नसतं. दोन नोंदींच्या मध्ये ते कुठंही असू शकतं. म्हणून पहिले तीन-चार आठवडे काहीही न करता फक्त नोंदींच्या वेळा वहीत लिहा. माझ्या वहीतल्या वेळा साधारण अशा बसल्या: पुणे हब सोडलं रात्री ९.५०, कुपवाडच्या बाजूच्या हबला पोचलं पहाटे ५.१५, आउट फॉर डिलिव्हरी ९.४०, घरी बाराच्या आत. हे झालं आपलं वेळापत्रक. वेळापत्रक असल्याशिवाय उशीर मोजता येत नाही. सकाळी आठपर्यंत कुपवाडची नोंद दिसली नाही तर मी हालचाल सुरू करतो. साडेसातला करत नाही. स्कॅन करणारा माणूसही माणूसच असतो, आधी गाडी खाली करतो आणि मग नोंदी मारतो.

वेळापत्रकाचा आणखी एक फायदा. एकदा रात्री पार्सल कोल्हापूरला दिसलं. माझ्या जागी दुसरा असता तर हबकला असता. पण वही उघडली तर तिसऱ्या आठवड्यातही ते कोल्हापूरमार्गेच आलं होतं, फक्त दोन तास उशिरा. काही गाड्या सांगलीचा माल थेट उतरवत नाहीत, पुढं नेऊन मागं फिरवतात. नोंद विचित्र दिसली म्हणून लगेच फोन करू नका, आधी मागचं पान बघा.

त्याच्या जोडीला दुसरा काटा चालू ठेवायचा, थंडाव्याचा. विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारून घ्या, की हे खोकं किती तास गार राहतं आणि ते तास कधीपासून मोजायचे. आमच्याकडं सांगितलं तीस तास, आणि मोजायचे पॅकिंगपासून. पिकअपपासून मोजलंत तर फसाल. बुधवारी संध्याकाळी सहाला भरलेल्या खोक्याची मुदत गुरुवारी मध्यरात्री संपते. आणि ते तीस तास पुण्याच्या पावसाळी हवेत की चाळिशी गाठणाऱ्या सांगलीच्या एप्रिलमध्ये, हेही विचारा. मार्च ते मे मी त्यातले सहा तास आपल्या मनानं कापून टाकतो.

पत्त्याचं एक सांगतो, कारण माझी दोन पार्सलं त्यात गेली. लेकीनं पिनकोड टाकला ४१६४१६. तो सांगली शहराचा. विश्रामबागेचा ४१६४१५. एका आकड्यासाठी खोकं दुसऱ्या पोराच्या पिशवीत गेलं आणि दिवसभर गावभागात फिरून संध्याकाळी परत हबला. शिवाय पत्त्यात ‘पाण्याच्या टाकीजवळ’ लिहिलेलं. टाक्या काय कमी आहेत? आता पत्त्यात पिनकोड बरोबर, शंभर फुटी रोडवरून वळायचं कुठं ते स्पष्ट, घरी नसलो तर खोकं कुणाकडं द्यायचं त्या शेजाऱ्यांचं नाव, आणि ‘नाशवंत माल, सावलीत ठेवा’ हे इंग्रजीत आणि मराठीतही.

फोन कुणाला करायचा आणि काय विचारायचं

फोन विकणाऱ्याला करा. कुरिअरवाल्याचा गिऱ्हाईक तो आहे, तुम्ही नाही. तुम्ही कुरिअरच्या नंबरावर अर्धा तास बासरी ऐकत बसाल, विकणाऱ्याकडं मात्र त्यांच्या माणसाचा थेट नंबर असतो. आणि पैसे तुमच्याकडून विकणाऱ्यानं घेतलेत, तेव्हा घरापर्यंत माल पोचवणं ही जबाबदारीही त्याचीच.

‘पार्सल कुठं आहे?’ असं विचारू नका. समोरची मुलगी तुम्हाला दिसते तीच स्क्रीन वाचून दाखवेल. ‘कधी येईल?’ असंही नको. त्याला ‘येईल आज’ हेच उत्तर मिळतं. मी स्वतः ‘येईल इतक्यात’ हे हजारो वेळा म्हटलेलं आहे, त्यात किती अर्थ असतो ते मला ठाऊक आहे. तीन प्रश्न विचारा. शेवटची नोंद कुठं आणि किती वाजता झाली? तिथून सांगलीकडं पुढची गाडी किती वाजता सुटते? ती चुकली तर तिथं माल गार ठेवायची सोय आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर समजा आज पार्सल येत नाही. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तिथल्या तिथं सांगा, की हे पार्सल आम्ही धरून चालत नाही, दुसरं पाठवा.

हे सगळं व्हॉट्सअॅपवर लेखी करा. माझा मेसेज तयारच असतो, फक्त आकडे बदलतो:

‘नमस्कार. एडब्ल्यूबी (पार्सलचा ट्रॅकिंग) नंबर अमुक. पॅकिंग बुधवार १८.००. शेवटची नोंद पुणे, २१.५०. सकाळी ८.०० पर्यंत पुढची नोंद नाही. खोक्याची मुदत आज मध्यरात्री संपते. आज २०.०० पर्यंत मिळालं नाही किंवा गार नसलं तर स्वीकारणार नाही. पुढच्या गाडीनं नवीन पार्सल किंवा पैसे परत, दोन्हीपैकी काय करताय ते दुपारी १२ पर्यंत कळवा.’

यात एक शब्द रागाचा नाही हे बघा. आम्हाला खिडकीवर दोन प्रकारची माणसं भेटायची. एक आरडाओरडा करणारी, एक वेळ सांगणारी. ओरडणाऱ्याला आम्ही शांत करायचो, आणि वेळ सांगणाऱ्याचं काम करायचो.

खोकं कुपवाडला आलंय पण पोराकडं दिलेलं नाही, अशी वेळ असेल तर स्वतः जाऊन आणता येतं. मात्र साडेनऊच्या आत जा, एकदा ते पिशवीत भरलं की मिळत नाही. ओळखपत्र न्या, मोबाईल चार्ज करून न्या आणि जाताना जाड पिशवीत बर्फ न्या. मी स्कूटरवर दोनदा आणलंय.

‘ग्राहक उपलब्ध नाही’ हा शेरा मला एकदा मिळाला. सकाळपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो होतो. जेवलोसुद्धा तिथंच. रात्री आठला शेरा पडला. पोराचं नाव घेत नाही, कुरिअरचंही घेत नाही. दिवसाला पन्नास पार्सलं वाटायची तर शेवटची दहा कुठंतरी जिरवावीच लागतात. पण गप्प बसलो असतो तर ते माझ्या नावावर लागलं असतं. शेरा पडल्या पडल्या स्क्रीनशॉट घेतला, मोबाईलवर एकही फोन आलेला नाही ती यादीही पाठवली आणि लिहिलं, ‘मी घरी होतो, फोन आला नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तोच पोरगा दारात. ‘काका, काल लई उशीर झाला ओ.’ त्याला पाणी दिलं. आता तो विश्रामबागेत शिरला की आधी आमच्याकडं येतो. माझ्या सगळ्या वहीपेक्षा त्या तांब्याभर पाण्यानं जास्त काम केलंय, हे हीचं मत.

एक सावधगिरी. उशिराच्या दिवशीच नेमका मेसेज येतो, ‘पत्ता अपूर्ण आहे, लिंक उघडून पाच रुपये भरा.’ ती लिंक उघडू नका. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ऑर्डरच्या मेसेजमध्ये असेल तोच वापरा. ओटीपी खोकं हातात आल्यावरच सांगायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीचा तो नंबर आहे.

खोकं आलं, आता काय

दारातच उघडा आणि तिथंच फोटो काढा. आधी बंद खोकं लेबलसकट, मग उघडलेलं, मग पाकिटं. धूर निघत असेल तर आत कोरडा बर्फ आहे. त्याला उघड्या हातानं शिवू नका, उणे ७८ अंश असतो, कातडी भाजते. खोकं गॅलरीत उघडं ठेवा, तो आपोआप हवेत विरून जातो. बंद खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. त्याचा वायू कोंडला की डबा फुटतो आणि माणूस गुदमरतो.

मग पाकिटं दाबून बघा. लेकीनं मला सळईचा थर्मामीटर आणून दिलाय, किचनमधला. पाकीट फोडायचं नाही, दोन पाकिटांच्या मध्ये सळई घालून घट्ट दाबायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. दगडासारखं कडक असेल तर सरळ फ्रीजर. कडा मऊ पण आत बर्फाचे खडे लागतायत, आणि काटा ४ अंशांच्या आत आहे, तर पुन्हा गोठवलं तरी चालतं; चव-पोत थोडा जातो, परीची तक्रार नसते. पूर्ण सुटलंय पण फ्रीजमधल्या दुधाइतकं गार आहे, तर पुन्हा गोठवू नका, खालच्या कप्प्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कोमट लागलं, किंवा पाकीट फुगलंय, तर संपला विषय.

इथं माणसं हमखास चुकतात. वास घेतात आणि म्हणतात, ‘चांगलं आहे की.’ पोट बिघडवणाऱ्या जंतूंना वास असतोच असं नाही. शिजवलेलं मांस ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहिलं की ते खायचं नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर एकच तास धरायचा. आणखी एक. ‘परीला नको तर रस्त्यावरच्या कुत्र्यांना घाला, अन्न वाया जाऊ नये’, हे शेजारच्या वहिनींचं म्हणणं. त्यांनाही पोट असतं की. ओल्या कचऱ्यात घाला आणि घंटागाडीत द्या.

टाकण्याआधी फोटो, तापमानाचा आकडा आणि वेळ विकणाऱ्याला पाठवा. नाशवंत माल परत घेत नाहीत म्हणून ते हात वर करतील, पण नाशवंत माल परत न घेणं वेगळं आणि खराब माल देऊन पैसे ठेवून घेणं वेगळं. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मला तिथंवर जावं लागलं नाही. एकदा मेसेजमध्ये नुसते ‘४८ तास’ लिहिले, तासाभरात पैसे परत.

आणि डबा आलाच नाही तर

राखीव सहा पाकिटं काढायची. तीही संपत आली तर घरचं. आमच्या डॉक्टरांनी परीसाठी लिहून दिलेला कागद फ्रीजवर चिकटवलाय: कातडं काढलेलं कोंबडीच्या छातीचं मांस पाण्यात उकडायचं, वर आलेली चरबी चमच्यानं काढून टाकायची, एक वाटी मांसाला दोन-अडीच वाट्या मऊ भात. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण कांदा-लसणानं कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आदल्या दिवशीची आमटी धुऊन घातली तरी त्यात तो असतोच. हे खाणं दोन-तीन दिवसांचं, कायमचं नाही. तुमच्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर माझा कागद वापरू नका. पार्सल वेळेवर येत असतानाच आपल्या डॉक्टरांकडून स्वतःचा कागद करून घ्या. रात्री नऊला दवाखाने बंद असतात.

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट बजावून सांगायला हवी. तासगावचा बेदाणा प्रत्येक घरात डब्यानं असतो आणि पाहुणे आले की बशीत येतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जेवण लेट झालंय, कुत्रं तोंडाकडं बघतंय, म्हणून मूठभर बेदाणे पुढं करू नका. चुकून खाल्ले तर किती खाल्ले ते मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

घरच्या खाण्यावरून पुन्हा पाकिटांवर येताना एकदम बदलू नका. मी तिसऱ्या दिवशी अर्धं-अर्धं करतो, चौथ्याला पूर्ण पाकीट. पहिल्यांदाच नवं जेवण सुरू करणाऱ्यांनी मात्र पुरा आठवडा घ्यावा, पावपाव वाटा वाढवत.

लेकीनं एकदा घाईत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलचं खोकं पाठवलं. ही युक्ती चांगली आहे, संध्याकाळी पुण्यात दिलं की पहाटे सांगलीत. पण त्या गाड्यांचं इंजिन मागं असतं. त्याच्या शेजारच्या डिकीत खोकं ठेवलं तर पहाटेपर्यंत भात शिजेल. मधल्या डिकीत ठेवायला सांगा, क्लीनरचा नंबर घ्या, आणि गाडी यायच्या आधी थांब्यावर हजर राहा.

पावसाळ्याचं वेगळं. विश्रामबागेत कृष्णेचं पाणी येत नाही, पण विश्रामबागेत येणारी गाडी आष्ट्याकडून सांगलीवाडीवरून नदी ओलांडून येते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं मी नोकरीत असताना पाहिलंय, एकेक रस्ता बंद झाल्याचा फोन येत होता आणि मी पाटीवरची गाडी पुसत होतो. म्हणून आता कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की मी पातळी ४० ला जायची वाट बघत नाही. त्याच दिवशी एक जादा ऑर्डर टाकतो आणि पाठवणाऱ्याला विचारतो, कराडहून विटा-तासगाव मार्गे माल येऊ शकतो का. वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडायचं नाही. घर बंद करून जायचं असेल तर वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवून जायचं. परत आल्यावर नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय, पाकिटं टाकून द्या.

दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आणि गणपतीचे दिवस, एवढ्या काळात राखीव सहाची दहा करायची. बाकी काही नाही.

आज बुधवार, रात्रीचे साडेदहा. परी जेवून पायाशी झोपली आहे. फ्रीजमध्ये सहा पाकिटं, त्यातलं एक सकाळसाठी खालच्या कप्प्यात उतरवलंय. शेवटची नोंद: पुणे हब, २१.५५, मार्गस्थ. पाच मिनिटं लेट.